हिवाळ्याची भाजी रांजणात: कोरियाची किमजांग आणि तिच्यामागचं बियाणं



डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं पालेभाजीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. सगळ्यांची मेथी, कोथिंबीर, पालक एकदमच बाजारात येते. जुडीमागं काढणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. मग कुणी रोटाव्हेटर घालतं, कुणी जनावरं सोडतं. पालेभाजी आज विकायची नाहीतर उद्या फेकायची, हे आपण गृहीतच धरून बसलोय.

आज एका अशा देशाचा इतिहास सांगतो, जिथं शरद ऋतूतलं पालेभाजीचं मोठं पीक मुळात साठवणीसाठीच घेतात. देश कोरिया, पीक बेचू म्हणजे आपण ज्याला चायनीज कोबी किंवा नापा कोबी म्हणतो तो, आणि पदार्थ किमची. किमची हल्ली पुण्या-मुंबईच्या हॉटेलांतही मिळते, पण आज रेसिपी सांगायची नाही. घराघरांतल्या साठवणीच्या एका रीतीनं शेतातली जात, बियाणं आणि शेवटी सरकारचं धोरण कसं घडवलं, ते बघायचंय. शेवटी आपल्या हरभऱ्याच्या खुड्यावर येऊ.

थंडीनं लावलेली शिस्त

सोलला जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या खाली असतं. जमीन गोठते. प्लास्टिकचे हरितगृह यायच्या आधी डिसेंबर ते मार्च उघड्या रानात हिरवं पान मिळायचं नाही. धान्य कणगीत राहतं, पण भाजी कशी राखायची? त्यावर तिथल्या बायकांनी काढलेला उपाय म्हणजे खारवणं.

याची जुनी नोंद तेराव्या शतकाच्या आसपासची आहे. ई ग्यु-बो (११६८ ते १२४१) नावाच्या कोरियन विद्वानानं आपल्या परसबागेतल्या सहा भाज्यांवर कविता लिहिली. काकडी, वांगं, मुळा, कांदापात, अंबाड्यासारखी शिजवून खायची एक पालेभाजी आणि भोपळा. त्यात मुळ्याबद्दल तो सांगतो, की उन्हाळ्यासाठी तो सोयाच्या खारात मुरवतात आणि हिवाळ्यासाठी मिठात. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी परसबाग, रांजण आणि हिवाळा यांची सांगड बसलेली होती.

पुढं १८४९ मध्ये हाँग सक-मो यानं कोरियातल्या वर्षभराच्या चालीरीतींचं पुस्तक लिहिलं. त्यात चांद्र वर्षाच्या दहाव्या महिन्यात सोलमधली घरं मुळा, कोबी, लसूण, मिरची आणि मीठ घालून रांजण भरतात अशी नोंद आहे. उन्हाळ्यात सोयाचं जांग करणं आणि हिवाळ्याआधी किमची घालणं, ही घरातली वर्षाची दोन मोठी कामं असं तो म्हणतो. या सामुदायिक साठवणीलाच किमजांग म्हणतात.

रांजणात घडतं काय?

कोबीचा गड्डा उभा दोन-चार भागांत चिरायचा, खडा मीठ किंवा मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायचा. मीठ पानातलं पाणी ओढून घेतं, पान मऊ पडतं, पण तुटत नाही. सकाळी दोन-तीनदा धुऊन निथळायचं. मग मुळ्याचा कीस, तिखट, लसूण, आलं, कांदापात आणि खारवलेली बारीक कोळंबी किंवा मासळी यांचा लगदा पानापानांत भरायचा. बाहेरच्या पानानं गुंडाळून रांजणात दाबून बसवायचं. हवा राहू द्यायची नाही.

धुऊन झाल्यावर भाजीत साधारण २ ते ३ टक्के मीठ राहतं. एवढ्या मिठात सडवणारे बरेच जिवाणू मागं पडतात आणि दुधाचं दही करणाऱ्या कुळातले लॅक्टिक आम्लाचे जिवाणू पुढं येतात. सुरुवातीला ल्युकोनोस्टॉक, नंतर आंबटपणा वाढला की लॅक्टोबॅसिलस. सामू ४.२ ते ४.५ च्या आसपास आला की चव उत्तम. त्याच्याही खाली गेला की भाजी फार आंबट होते. मग ती कच्ची न खाता रश्श्यात घालतात, वाया घालवत नाहीत.

सगळी मेख तापमानात आहे. मातीचे रांजण परसात गळ्यापर्यंत पुरायचे. हवा उणे दहावर गेली तरी मातीत खाली तापमान शून्य ते पाचच्या दरम्यान राहतं. भाजी गोठतही नाही आणि घाईनं आंबतही नाही. म्हणून किमजांगचा मुहूर्त महत्त्वाचा. कोरियाच्या हवामान खात्याचा ठोकताळा असा: दिवसाचं सरासरी तापमान ४ अंशांच्या खाली आणि किमान शून्याच्या खाली स्थिरावलं की रांजण भरा. लवकर भरलं तर आंबट, उशीर केला तर कोबी शेतातच गोठणार.

हा मुहूर्त शेतकऱ्यालाही बांधून घालतो. किमजांगचा कोबी ऑगस्टच्या मध्याला रोपवाटिकेत पेरायचा, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला लावायचा आणि नोव्हेंबरमध्ये काढायचा. गिऱ्हाईक कधी येणार हे लागवडीच्या आधीच ठाऊक. विचार करा, आपल्या किती पालेभाज्यांना असं ठरलेलं गिऱ्हाईक आहे?

मिरचीही पाहुणी, कोबीही पाहुणा

लालभडक किमची बघून वाटतं, हे हजारो वर्षांचं असणार. तसं नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते मिरची कोरियात सोळाव्या शतकाच्या अखेरीस, १५९२ च्या जपानी आक्रमणाच्या आगेमागे पोचली. आपल्याकडं गोव्याच्या वाटेनं पोर्तुगीजांनी आणली, त्याच शतकातली ही गोष्ट. १६१४ च्या एका कोरियन ग्रंथात तिचा उल्लेख जपानकडून आलेली तिखट वस्तू असा आहे. किमचीत तिखट घालायची नोंद १७६६ च्या शेतीविषयक ग्रंथात सापडते. त्याआधीची किमची पांढरीच, मुळा-काकडीची.

कोबीचंही तेच. कोरियातला जुना बेचू लांबट आणि अर्धवट गड्ड्याचा होता, सोल आणि केसाँग या गावांच्या नावानं ओळखला जाणारा. आज दिसतो तो घट्ट, जड गड्डा चीनमधून आलेल्या वाणांमुळं एकोणिसाव्या-विसाव्या शतकात रुजला. पानांचे थर जास्त म्हणजे मसाला भरायला जागा जास्त. साठवणीला जे सोयीचं, ते पीक शेतात वाढत गेलं आणि मुळा दुय्यम झाला.

सावड

एका घराला पूर्वी शंभर-शंभर गड्डे लागायचे. ते एका घराचं काम नव्हेच. आज तुमच्याकडं, उद्या आमच्याकडं, असं गल्लीतल्या बायका मिळून करायच्या. या पद्धतीला कोरियन भाषेत फुमाशी म्हणतात. आपली सावड म्हणा, इर्जिक म्हणा, तीच ती. काम संपलं की ताजी किमची आणि उकडलेलं मांस सगळ्यांना, आणि ज्याच्याकडं काही पिकलं नाही त्याच्या घरीही वाटा जायचा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट नाही ही. १९७०-८० च्या काळात तिथल्या कारखान्यांत कामगारांना हंगामात 'किमजांग बोनस' मिळायचा. युनेस्कोनं २०१३ मध्ये वारसा म्हणून दक्षिण कोरियाची नोंद केली ती किमजांगची, म्हणजे किमची मिळून करण्याची आणि वाटण्याची. २०१५ मध्ये उत्तर कोरियाच्या किमची करण्याच्या परंपरेचीही नोंद झाली.

पाला फेकायचा नाही

किमजांगमध्ये मुळा भरपूर लागतो, मग पाला उरतो. तो दोऱ्यात ओवून किंवा दांडीवर टाकून वळचणीला सावलीत टांगतात. रात्री गोठतो, दुपारी सुटतो, असं होत होत वाळतो. याला शिरेगी म्हणतात. लागेल तेव्हा भिजवून, चांगला उकडून सोयाच्या जांगमध्ये त्याचं सार करतात. नव्या चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला अशा वाळवलेल्या भाज्या खायची प्रथा आहे.

एकेकाळी हे गरिबाचं खाणं होतं. आज उत्तर-दक्षिण सीमेला लागून असलेल्या यांगगू भागातल्या डोंगरी खोऱ्यात शेतकरी खास पाल्यासाठीच मुळा पेरतात. वाळवलेला पाला पाकिटातून शहरात जातो. जो पाला बांधावर पडायचा, तोच मुख्य पीक झाला.

बियाणं कुणाचं?

आता खरा मुद्दा. कृषी महाविद्यालयात शिकलेल्यांनी 'यू ट्रँगल' वाचलेला असेल. मोहरीवर्गीय पिकांचा त्रिकोण. तीन मूळ जाती: रापा (गुणसूत्रं १० जोड्या, सलगम, तोरिया आणि हाच चायनीज कोबी), नायग्रा (८ जोड्या, काळी मोहरी) आणि ओलेरासिया (९ जोड्या, पानकोबी, फ्लॉवर, नवलकोल). यांच्या दोन-दोनच्या संकरातून निसर्गात तीन नव्या जाती झाल्या. आपली राई-मोहरी म्हणजे जुन्सिया ही रापा आणि नायग्रा मिळून झाली, म्हणून तिच्यात १८ जोड्या. हे १९३५ मध्ये प्रयोगानं सिद्ध करणाऱ्या माणसाचं आडनाव 'उ'. इंग्रजीत एका अक्षराचं ते आडनाव आपण 'यू' वाचत आलो.

उ जांग-चुन यांचा जन्म १८९८ मध्ये टोकियोत झाला. वडील कोरियन लष्करी अधिकारी. कोरियाच्या राणीच्या १८९५ मधल्या हत्येत त्यांचा हात असल्याचा ठपका होता, म्हणून ते जपानला पळाले आणि १९०३ मध्ये तिथंच त्यांचा खून झाला. आई जपानी. मुलगा जपानच्या सरकारी कृषी प्रयोग केंद्रात काम करत मोठा शास्त्रज्ञ झाला, नंतर तिथल्या एका बियाणे कंपनीत संशोधन करू लागला.

१९४५ मध्ये कोरिया जपानच्या राजवटीतून सुटला आणि एक अडचण लगेच उघडी पडली. भाजीपाल्याचं चांगलं बियाणं जपानहून यायचं, ते थांबलं. रांजण आहेत, मीठ आहे, पण कोबी-मुळ्याचं खात्रीचं बी नाही. लोकांनी उ यांना बोलावून घ्यायची मोहीमच काढली. १९५० च्या मार्चमध्ये बायको-मुलं जपानमध्ये ठेवून ते बुसानला आले. जूनमध्ये युद्ध पेटलं. बुसान शत्रूच्या हाती गेलं नाही आणि काम चालू राहिलं. १९५३ मध्ये आई वारली, पण सरकारनं त्यांना जपानला जाऊ दिलं नाही. सांत्वनापोटी आलेल्या पैशातून त्यांनी केंद्राच्या आवारात विहीर खोदली.

काम काय केलं? कोबी-मुळ्याच्या वाणांची निवड, शुद्ध बीजोत्पादन, आणि संकरित बियाण्याची तयारी. कोबीचं फूल स्वतःचा पराग सहसा स्वीकारत नाही. म्हणून दोन वेगळे शुद्ध वाण शेजारी लावले की मधमाश्याच संकर घडवतात, हातानं पुंकेसर काढत बसायला नको. शुद्ध वाण टिकवायला मात्र फूल उमलायच्या आधी, कळीतच परागीकरण करावं लागतं. बटाट्याचं रोगमुक्त बेणं आणि जेजू बेटावरची संत्री यांतही त्यांचं योगदान मानतात.

त्यांच्याबद्दल एक गैरसमज कोरियात वर्षानुवर्षं होता, की बिनबियांचं कलिंगड त्यांनी शोधलं. ते जपानच्या किहारा यांचं काम. उ यांनी ते पिकवून लोकांना दाखवलं, कारण शेतकरी नव्या बियाण्यावर विश्वास ठेवत नव्हते. कलिंगड कापून दाखवलं की गर्दी जमायची, मग कोबीच्या बियाण्याचं बोलता यायचं. विस्तार कार्य करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. १९५९ मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्यानंतर लवकरच त्यांच्या संस्थेच्या कामातून कोरियाचा स्वतःचा संकरित कोबी शेतात आला.

संकरित बियाण्याची दुसरी बाजू

देश जपानी बियाण्यातून सुटला. पण संकरित बी घरी राखता येत नाही, दर हंगामाला विकत घ्यावं लागतं. म्हणजे शेतकरी कंपनीशी बांधला गेला. कंपनी देशी होती तोवर कुणाला काही वाटलं नाही. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात कोरियन कंपन्या कर्जात बुडाल्या. १९९८ मध्ये हंगनोंग आणि जुंगआंग या दोन मोठ्या बियाणे कंपन्या सेमिनिसनं घेतल्या. २००५ मध्ये सेमिनिस मॉन्सॅन्टोकडं गेली. किमचीतल्या कोबी, मुळा, मिरचीच्या अनेक वाणांचे हक्क एका फटक्यात परदेशात. २०१२ मध्ये डोंगबू या कोरियन कंपनीनं त्यातला बराच भाग परत विकत घेतला. पण चोंग्यांग ही तिथली सर्वांत लाडकी तिखट मिरची त्या व्यवहारात परत आली नाही. पुढं सरकारला 'गोल्डन सीड' नावाचा खास प्रकल्प काढून देशी वाणांवर पैसा ओतावा लागला.

दुसरा धक्का २०१० चा. त्या वर्षी पावसानं उंच डोंगरावरच्या कोबीचं नुकसान केलं आणि सप्टेंबरअखेर एका गड्ड्याचा भाव १०,००० वॉनच्या वर गेला, तेव्हाच्या दरानं जवळपास ४०० रुपये. सरकारनं चिनी कोबीवरचं आयात शुल्क तात्पुरतं काढलं. एका भाजीच्या भावानं राजधानी हलली, कारण ती भाजी रोजच्या ताटातली होती आणि महिन्याभरावर किमजांग आली होती.

दरम्यान घरंही बदलली. अपार्टमेंटमध्ये रांजण पुरायला माती कुठली? १९९५ मध्ये 'डिमचे' नावाचा खास किमचीचा फ्रिज बाजारात आला आणि घरोघरी पोचला. पुरलेल्या रांजणाचं तापमान तो विजेवर देतो. खारवून धुतलेला कोबी विकत मिळतो, बायकांचं निम्मं काम वाचतं. शंभर गड्ड्यांवरून घरं वीस-पंचवीसवर आली, बरीच तर विकतच घेतात. हॉटेलांत स्वस्त चिनी किमची वाढतात. रीत टिकली आहे, पण पातळ झाली आहे. आणि ती जितकी पातळ होईल तितकं शेतकऱ्याचं ठरलेलं गिऱ्हाईक कमी होत जाणार.

आपल्याकडं काय?

आपली हवा वेगळी. आपल्या खोलीच्या तापमानाला कोबी दोन-तीन दिवसांतच आंबतो, पुरलेल्या रांजणालाही आपली माती थंडावा देत नाही. आपल्याला ऊन मिळालं, म्हणून आपण वाळवणाची वाट धरली. नेपाळ-सिक्कीमनं मधली वाट काढली. तिथं मोहरीचा पाला कोमेजवून, आंबवून मग वाळवतात आणि त्याला गुंद्रुक म्हणतात.

आपला रब्बीतला हरभरा महिन्याभराचा झाला की शेंडे खुडायचे. त्यानं फांद्या वाढतात आणि भाजीही मिळते. हा खुडा वाळवून, चुरून डब्यात भरला की उन्हाळ्यात, पावसाळ्याच्या तोंडाला ज्वारीच्या पिठाबरोबर घोटून त्याची भाजी. पानावरच्या आंबेमुळं चव येते. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात ही रीत अजून आहे. त्यांचा टंचाईचा काळ हिवाळा, आपला उन्हाळा, एवढाच फरक. सावलीत वाळवलं तर रंग आणि जीवनसत्त्व जास्त टिकतं. फवारणी झाली असेल तर मात्र खुडा घ्यायचा नाही, हे घरच्यांना आणि मजुरांना आधीच सांगून ठेवा.

यातून शेतकरी म्हणून मला एवढं दिसतं. कोरियात पालेभाजीला भाव मिळाला तो आधी घरातल्या रांजणामुळं. रांजण होता म्हणून ठरलेला हंगाम, हंगाम होता म्हणून संशोधन, संशोधन होतं म्हणून वाण. आणि वाण दुसऱ्याच्या हाती गेल्यावर किती महागात पडतं तेही त्यांनीच दाखवलं. आपल्याकडं मेथी आणि हरभऱ्याचा पाला वाळवायचं ज्ञान घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडं आहे, आणि खुड्यासाठी चांगला गावरान हरभरा काही घरांत अजून राखला जातो. गावातल्या बचत गटानं चार घरांची सावड करून पन्नास किलो खुडा वाळवून बघायला भांडवल फारसं लागत नाही. सुरुवात याच रब्बीत करता येईल.

तुमच्या भागात कुठला पाला वाळवतात, कशावर वाळवतात, आणि त्यासाठी हरभऱ्याचा कुठला वाण चांगला मानतात, ते जरूर कळवा. घरातल्या आजीला विचारून लिहिलंत तर उत्तम.